बारा खांबांचं घर

देवेशने फाटकावर इंग्रजीत पाटी लावली होती, स्टिल्ट हाऊस. पण ते घर ज्याने उभं केलं तो शुक्रा त्याला माळा म्हणायचा, म्हणून वनिताही माळाच म्हणायची. शेतात रानडुकरं हाकायला चार मेढी रोवून माळा बांधतात, तसाच हा. फक्त मेढी बारा, त्याही ऐनाच्या लाकडाच्या, मांडीएवढ्या जाड, आणि वर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे उतारावर झुकलेली लांबरुंद गॅलरी. कर्जतजवळच्या कोंडाणे गावाच्या खालच्या अंगाला, डोंगर संपून शेतं सुरू होतात तिथे, देवेशने तीन एकर घेऊन तारेचं कुंपण घातलं होतं. तो राहायचा मुंबईला. शनिवार-रविवारी मित्रांना घेऊन यायचा.

वनिता तिथे स्वयंपाक करायची. ती कडावची. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, मुलगी हर्षला लग्न होऊन कुंभिवलीला गेली होती. घरात एकटी बसून काय करायचं म्हणून तिने हे काम धरलं, आणि ते लावून दिलं रूपेशने. रूपेश म्हणजे शेजारच्या इंदूबाईचा एकुलता मुलगा. देवेशचा इथला सगळा कारभार तोच बघायचा. इंदूबाई दिवसभर दुसऱ्यांच्या शेतावर असायची त्या दिवसांत रूपेश वनिताच्या पडवीत जेवला होता, तिच्या गोधडीत झोपला होता. अजूनही तिला काकी म्हणायचा. पण आता तो सव्वीस वर्षांचा गडी झाला होता आणि जवळच्या ठाकरवाडीवरची माणसं त्याची मोटरसायकल ऐकली की रस्त्याच्या कडेला होत होती.

शुक्रा त्या वाडीवरचा ठाकर. पन्नाशी उलटलेला, बारीक अंगाचा, कमी बोलणारा. तो आणि त्याची बायको कोंडी, दोघंही देवेशच्या जागेवरच राबत. तो लाकूडकाम आणि कुंपण बघायचा, ती झाडलोट करायची, झाडांना पाणी घालायची. शुक्रा आणि रूपेशचं वाजलं ते एकदाच, गेल्या पावसाळ्याआधी. माळ्याच्या पुढच्या खांबांना शुक्राने तिरके टेकू दिले होते. देवेशची मोठी गाडी उन्हात तापते म्हणून रूपेशने ते टेकू कापायला लावले आणि खाली गाडी लावायला जागा केली.

"शहरात बिल्डिंगीच्या खाली असंच असतं," तो म्हणाला होता. "वर मानसं, खाली गाड्या. त्याला पण स्टिल्टच म्हनतात."

"टेकू काढलास तर गॅलरीचा सगळा भार त्या दोन खांबांवर येल," शुक्रा म्हणाला.

"मग यू दे की. खांब कशाला हायत?"

शुक्राने स्वतःच्या हाताने टेकू कापले. तेव्हापासून गॅलरीत चार माणसं एकदम चालली की वनिताला स्वयंपाकघरात हादरा कळायचा.

जानेवारीतल्या त्या शनिवारी देवेश दोन मित्रांना घेऊन आला. सकाळी दहालाच बाटल्या उघडल्या. गॅलरीसमोर, उताराच्या पायथ्याशी, देवेशने एक उथळ तळं खोदून घेतलं होतं. तिथे घोटाभर पाण्यात सात-आठ पांढरे-काळे पक्षी फिरत होते. पाय लांबच लांब, लालसर, सुतासारखे. एका मित्राच्या गळ्यात कॅमेरा होता. तो म्हणाला, "स्टिल्ट आहेत हे. ब्लॅक-विंग्ड स्टिल्ट."

"आमी शेकाट्या म्हनतो," रूपेश म्हणाला.

देवेशला गंमत वाटली. "म्हणजे घर स्टिल्ट, खालचं पार्किंग स्टिल्ट, आणि पक्षी पण स्टिल्ट."

"खरे स्टिल्ट म्हणजे ते बांबू रे," दुसरा मित्र म्हणाला, "ज्याच्यावर चढून सर्कशीतले लोक चालतात."

"ते आमच्या वाडीवर पन चालतात," रूपेश म्हणाला. "पावसात, चिखल तुडवायला नको म्हनून. शुक्रा एक नंबर चालायचा. बगायचं का?"

वनिता तेव्हा भज्यांची थाळी घेऊन गॅलरीत आली होती. देवेशच्या मांडीवर छर्‍याची बंदूक आडवी होती. तो ती मागच्या खेपेलाही घेऊन आला होता आणि रिकाम्या बाटल्या फोडत बसला होता. आज त्याने ती उचलली, तळ्याकडे धरली आणि चाप ओढला. आवाज फार झाला नाही. शेकाटे उडाले. एक मात्र उडाला नाही. त्याचा एक पाय मधेच मोडून लोंबत होता आणि दुसऱ्यावर तोल धरत तो पाण्यात गोल गोल फिरत होता. देवेशने पुन्हा नेम धरला. दोन छर्रे पाण्यात गेले. तिसऱ्याला तो पक्षी बसला, मग आडवा झाला. कॅमेरेवाला म्हणाला, "यार, हे नको," आणि आत जाऊन दुसरी बाटली घेऊन आला.

रूपेशने शुक्राला हाक मारली.

शुक्राने आधी नाही म्हटलं. गुडघा दुखतो, वय झालं. रूपेश खाली उतरला, फाटकाजवळच्या सामानाच्या कोठीमागचे दोन बांबू त्याने स्वतः निवडले, शुक्राकडून त्यांना पाऊल ठेवायला खुंट्या बांधून घेतल्या आणि त्याचा दंड धरून त्याला तळ्याच्या काठाशी नेलं. शुक्रा चढला. जमिनीपासून दोन हात वर, दोन्ही बांबू काखेत धरून, तो पहिली चार पावलं चाचपडला आणि मग खरंच चालू लागला. चिखलातून, पाण्यातून, पाठ ताठ ठेवून. वर टाळ्या पडल्या. एकाने मोबाइलवर चित्रण सुरू केलं. कोंडी हातातला झाडू टाकून काठावर येऊन उभी राहिली. तिला हसू आलं होतं. तिच्या लग्नाच्या वर्षी तो असाच चालत ओढा ओलांडून तिच्या बापाच्या घरी आला होता, हे तिने वनिताला कधीतरी सांगितलं होतं.

मग देवेशने बंदूक उचलली.

"बांबूला मारतो फक्त," तो म्हणाला.

पहिला छर्रा बांबूला टक्‌ करून लागला. शुक्रा थबकला. दुसरा त्याच्या पोटरीत घुसला. तो ओरडला नाही, पण एक बांबू त्याच्या हातून सुटला आणि तो कलला. कोंडी पाण्यात धावली. तिने हात वर करून त्याच्या कमरेला धरायला बघितलं आणि तेवढ्यात तिसरा सुटला.

कोंडी खाली बसली. नुसती बसली, दोन्ही तळवे तोंडावर घेऊन. शुक्रा तिच्यावरच पडला. त्याने तिचे हात बाजूला केले तेव्हा वरून वनिताला दिसलं ते एवढंच की डाव्या बाजूचं सगळं लाल झालं होतं, पदर, मान, पाणीही.

वनिता जिना उतरून धावली. कोंडीचा डावा डोळा फुटला होता. वनिताने आपला पदर फाडून घडी करून त्यावर धरली आणि शुक्रासह तिला उचलून फाटकाजवळच्या कोठीत आणलं. कोंडी कण्हत नव्हती, दातांवर दात दाबून शिट्टीसारखा श्वास घेत होती.

"माझ्या स्कूटीवरून नेते मी हिला कर्जतला," वनिता म्हणाली. "फाटक उघड, रूपेश."

रूपेश वर जाऊन देवेशशी बोलून आला होता. त्याने फाटकाला आतून कुलूप लावलं होतं. "काकी, जरा थांब. डोळ्यात छर्रा म्हटल्यावर दवाखान्यात पोलीस येनार. सायब म्हनतात, त्यांच्या वळखीचा डॉक्टर हाय पनवेलला, त्यो घरी येल. फोन केलाय."

"कदी येल?"

"येल संध्याकाळपर्यंत."

"तवर ती मरंल रं."

"डोळ्यानं कुनी मरत नाय."

शुक्रा फाटकावर चढू लागला. रूपेशने त्याचा पाय ओढून त्याला खाली आपटलं. मग तळ्यावरचा तोच बांबू आणून त्याच्या पाठीवर घातला. एकदा, दोनदा, आणि मग मोजायची सोय राहिली नाही. वनिता मधे पडली तेव्हा त्याने तिचा हात पिरगाळून तिला भिंतीशी लोटलं. तिच्या कोपरातून कळ डोक्यापर्यंत गेली. त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता आणि डोळ्यांत भीती होती. तो घाबरला होता हे तिला स्पष्ट दिसलं, आणि म्हणूनच तो थांबणार नाही हेही. त्याने तिघांचे मोबाइल काढून घेतले, देवेशच्या गाडीत टाकले आणि गाडी लॉक केली. फाटकाच्या आणि गाडीच्या किल्ल्या एकाच जुडग्यात होत्या. ते त्याने पँटच्या खिशात टाकलं.

"तू वर जा, काकी. जेवायचं बग. आपलीच मानसं हायत आपन, गाजावाजा नको."

ती वर गेली. दुसरं काय करावं हे तिला सुचेना. डॉक्टर आला नाही. दोन वाजले, तीन वाजले. वरच्यांनी मोठ्या स्पीकरवर गाणी लावली, एरवीपेक्षाही मोठ्याने. एक मित्र आतल्या खोलीत जाऊन झोपला. वनिता दोनदा पाणी न्यायच्या निमित्ताने कोठीत जाऊन आली. पहिल्या वेळी कोंडी तिच्याशी बोलली. दुसऱ्या वेळी ती उलटी करून पडली होती, अंग चटके बसण्याइतकं तापलं होतं, आणि ती शुक्राला दुसऱ्याच कुणाच्या नावाने हाक मारत होती. शुक्रा तिच्या उशाशी बसला होता. पाठीवरचा सदरा रक्ताने चिकटला होता. कोठीच्या कोपऱ्यात त्याची हत्यारं असत. त्याने कुऱ्हाड मांडीवर घेतली होती आणि अंगठ्याने धार बघत होता.

"काय करतोस, शुक्रादादा?"

"काय नाय. तू जा वर."

चारच्या सुमाराला वनिता बांगडे तळत होती. तिच्या तळपायांना एक धक्का जाणवला. गाण्याच्या ठोक्याशी तो जुळत नव्हता. थोडा वेळ गेला, पुन्हा एक. मग एका लयीत, न थांबता. तेल कढईत थरथरलं. तिने वाकून पायाखालच्या फळ्यांच्या फटीतून खाली बघितलं. पुढच्या खांबाशी वाकलेला शुक्रा तिला दिसला. कुऱ्हाड वर जाऊन खाली येत होती आणि ऐनाचे लालसर ढलपे देवेशच्या गाडीच्या टपावर उडत होते. एक खांब त्याने आधीच अर्ध्याच्या वर खाल्ला होता. आता दुसऱ्याला हात घातला होता.

त्याला तिची नजर कळली असावी. तो त्या फटीखाली आला.

"वनिताबाय, खाली ये."

"गॅसवर तेल हाय."

"गॅस बंद कर नि खाली ये," तो म्हणाला, आणि परत खांबाकडे गेला.

तिने गॅस बंद केला. सिलिंडरचाही खटका फिरवला. जिना मागच्या बाजूला होता, पण त्याकडे जाताना गॅलरीचं दार उजव्या हाताला लागायचं. तिथे रूपेश उंबऱ्याशी पाय पसरून बसला होता. पलीकडे कठड्याला टेकून देवेश आणि कॅमेरेवाला. त्यांच्यामागे तळं, त्यात अजून तो पक्षी पालथा पडलेला.

"काकी," रूपेश म्हणाला, "कांदा-लिंबू आन ना जरा."

हळू बोललं तरी त्याला ऐकू जाईल, एवढंच अंतर होतं. ऊठ, एवढा एकच शब्द पुरला असता. वनिताने त्याच्याकडे पाहिलं. तिचं कोपर ठणकत होतं.

"आनते," ती म्हणाली, आणि जिना उतरली.

शुक्राने वळूनही बघितलं नाही. "कोंडीकडं जा," एवढंच म्हणाला. ती कोठीकडे चालत गेली. धावली नाही. कोठीच्या दारात तिचा पाय पडला आणि मागे फाटल्यासारखा आवाज झाला, मग दुसरा, मग सगळं एकदम. गॅलरी आधी पुढे झुकली, क्षणभर तशीच थांबली आणि मग पुढची खोली ओढून घेऊन गाडीवर आणि उतारावर कोसळली. गाणं मधेच बंद पडलं. धुरळ्यातून पहिला आवाज आला तो कौलं घरंगळण्याचा. त्यानंतर माणसांचा.

झोपलेला मित्र मागच्या खोलीत होता, त्याला खरचटलंही नाही. तो तारेवरून उडी टाकून पळाला तो थेट हमरस्त्यापर्यंत. कॅमेरेवाल्याचा खांदा मोडला होता. तो रांगत बाजूला झाला. देवेशचा उजवा पाय गुडघ्याखाली वाशांमध्ये चिरडला होता आणि तो एकसारखा आईला हाक मारत होता. बंदूक अजून त्याच्या हातात होती. सोडायची राहून गेली असावी. शुक्रा त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला.

"सोड ती," तो म्हणाला.

देवेशने उलट ती छातीशी धरली. शुक्राने कुऱ्हाड घातली. बंदुकीचा दस्ता फुटला, आणि देवेशची दोन बोटंही त्याबरोबर गेली.

रूपेश गाडीच्या बॉनेटवर उताणा पडला होता आणि तुळई त्याच्या छातीवर आडवी होती. तोंडातून लाल फेस येत होता, पण शुद्ध होती. वनिताला बघून त्याने मोकळा हात पुढे केला.

"काकी. उचल ना गं."

ती त्याच्यावर वाकली. त्याला वाटलं, आता ही काढणार. त्याने हात तिच्या गळ्यात टाकला, लहानपणी पडवीतून आत न्यायला उचलावं तेव्हा टाकायचा तसा. वनिताने त्याच्या खिशात हात घातला, जुडगं काढलं आणि त्याचा हात गळ्यातून सोडवला. सोडवायला जोर लावावा लागला.

"तुळई काढ त्याच्यावरची," ती शुक्राला म्हणाली.

शुक्रा कुऱ्हाड टेकून उभा राहिला. त्याने ऐकलं की नाही, तिला कळलं नाही. तिने पुन्हा सांगितलं नाही. तुळई दोघांनी मिळून हलली असती.

फाटक उघडून, कोंडीला मागे बसवून आणि तिला आपल्या कमरेशी साडीने बांधून वनिताने स्कूटी काढली. कोंडाण्याच्या दुकानावर थांबून तिने दुकानदाराला अँब्युलन्सला फोन करायला लावला, आणि मग थेट कर्जत. सबंध रस्ताभर कोंडीचं रक्त तिच्या पाठीवर ऊन ऊन ओघळत होतं.

कोंडीला रातोरात मुंबईला हलवलं. डोळा काढावा लागला. ती वाचली. रूपेश अँब्युलन्स पोचायच्या आधीच गेला होता. शुक्रा पळाला नव्हता. पोलीस आले तेव्हा तो पडलेल्या घरासमोर बसून राहिला होता, कुऱ्हाड बाजूला ठेवून. नंतर डॉक्टरांनी कोर्टात सांगितलं की छातीवरचा भार लगेच निघाला असता तर रूपेश वाचण्याची शक्यता होती. वनिता तेव्हा साक्षीदारांच्या बाकावर होती आणि इंदूबाई तिच्या पुढच्याच रांगेत.

खटला दीड वर्ष चालला. शुक्राने सगळं कबूल केलं, एक गोष्ट सोडून.

"घर पाडलंस तेव्हा वर कुणी बाईमाणूस होतं का?" वकिलाने विचारलं.

"नवतं. वनिताबाय कोंडीजवळ होती. तिला काय म्हाईत नाय."

वनितानेही तेच सांगितलं. आपल्याला वाटलं तो जळण फोडतोय, असं ती म्हणाली. खरं सांगावं तर शुक्राने तिला ठरवून खाली बोलावलं हे बाहेर येईल, आणि मग वरच्यांना ठरवून मारलं असाच अर्थ निघेल, ही समजूत तिने स्वतःची घातली होती. ती खोटी नव्हती. पण आपण कशाला घाबरतोय हेही तिला ठाऊक होतं. बायकोवरच्या हल्ल्यामुळे भान सुटून केलेलं कृत्य म्हणून शुक्राला दहा वर्षांची सजा झाली. देवेश काठी टेकत साक्षीला आला होता. कोंडीच्या डोळ्याचा त्याच्यावरचा खटला वेगळा होता, त्याच्या अजून तारखाच पडत होत्या.

निकालानंतर तिसऱ्या दिवशी इंदूबाई वनिताच्या अंगणात आली. दीड वर्षात पहिल्यांदा. वनिता पडवीत तांदूळ निवडत होती.

"एकच इचारते," इंदूबाई म्हणाली. "कोर्टाला काय सांगितलंस ते ऱ्हाऊ दे. तुला म्हाईत व्हतं का?"

वनिताने सूप खाली ठेवलं.

"व्हतं."

"कदीपासून?"

"त्यानं कांदा-लिंबू मागितला तेवा म्हाईत व्हतं. नंतर तुळई काढायला पन थांबले नाय मी. त्यानं गळ्यात हात टाकला व्हता."

इंदूबाईने चुलीशेजारचं जळाऊ लाकूड उचललं. पहिला तडाखा वनिताच्या खांद्यावर बसला, दुसरा गळ्याच्या हाडावर, आणि ते मोडल्याचं दोघींनाही ऐकू आलं. तिसरा कानशिलावर. वनिताने हात वर केले नाहीत. इंदूबाई ओरडत नव्हती, शिव्या देत नव्हती, धान्य झोडपावं तशी मारत होती. सूप उलटं होऊन तांदूळ सगळीकडे झाले आणि त्यांच्यावर थेंब पडू लागले. अखेर पलीकडच्या सोनुबाईने आणि तिच्या सुनेने धावत येऊन तिला मागे ओढलं.

वनिताला दवाखान्यात नेलं, हात गळ्यात बांधून परत आणलं. तिथे तिने पायरीवरून पडले म्हणून सांगितलं होतं, पण डॉक्टरने ते मानलं नसावं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक हवालदार चौकशीला आला. वनिता पडवीत खांबाला टेकून बसली होती. हर्षला कुंभिवलीहून आली होती, ती चहा टाकत होती.

"कुणी मारलं, मावशी?"

"कुनी नाय. पडले."

कुडाच्या पलीकडून इंदूबाई बाहेर आली. तिने कालचंच लुगडं नेसलं होतं.

"पडली नाय ती. मी मारली," ती हवालदाराला म्हणाली. "आता तिला इचारा, का मारली."

हवालदाराने दोघींकडे आळीपाळीने बघितलं. हर्षला चहाचं भांडं हातात घेऊन दारात आली. "आई, काय बोलू नको गं," ती म्हणाली.

वनिता खांबापासून पुढे सरकून बसली. जबडा सुजल्यामुळे तिला शब्द नीट फोडता येत नव्हते.

"हर्षला, सायबांना पाट दे बसायला," ती म्हणाली. "येळ लागंल."

हवालदार बसला. त्याने वहीचं कोरं पान काढलं. इंदूबाईही गेली नाही. पायरीवरचे तांदूळ हाताने बाजूला सारून ती तिथेच खाली बसली, आणि वनिताने त्या शनिवारच्या सकाळपासून सांगायला सुरुवात केली.